मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बसवलेल्या भिंगाच्या तक्रारी : ठाण्यात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात ऑप्टोमेट्रिस्ट म्हणून काम करते. नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर बघणं, ऑपरेशनआधी भिंगाची पॉवर ठरवायला डोळ्याची मापं घेणं हे माझं रोजचं काम. डॉक्टरांसमोर संकोच वाटतो म्हणून पुष्कळ जण मनातली शंका आधी माझ्याकडे काढतात. त्याच शंका इथे घेतल्या आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुतेकांचं व्यवस्थित होतं आणि आत बसवलेलं भिंग पुढे कधी त्रास देत नाही. ज्यांना त्रास होतो, त्यांच्यातलेही बरेच जण वेळेत आले तर नजर वाचते. म्हणून प्रत्येक उत्तरात, किती घाई करायची हे मी मुद्दाम लिहिलं आहे. हे वाचून स्वतःच्या मनाने औषध सुरू किंवा बंद मात्र करू नका.

कुठल्या तक्रारीसाठी त्याच दिवशी जायचं?

डोळा दुखतोय, लाल झालाय आणि कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय, असं झालं की त्याच दिवशी. रविवार असो, सण असो. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची ही लक्षणं असू शकतात. त्याला एंडॉफ्थॅल्मायटिस म्हणतात. चांगल्या ठिकाणी तो हजारात एखाद्यालाही होत नाही, पण झाला तर दिवस नाही, तास मोजावे लागतात. बहुधा पहिल्या आठवड्यात होतो. उपचार म्हणजे डोळ्याच्या आत अँटिबायोटिकचं इंजेक्शन, आणि गरज पडली तर आतला जेलीसारखा भाग काढण्याचं ऑपरेशन. नुसत्या थेंबांवर तो बरा होत नाही.

चरईतल्या एका काकूंचा डोळा ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी ठणकायला लागला. घरात सत्यनारायण होता, पाहुणे यायचे होते. "पूजा होऊ दे, मग बघू," म्हणत त्यांनी दोन दिवस काढले. आल्या तेव्हा त्यांना माझी बोटं मोजता येत नव्हती, फक्त हात हलतोय एवढंच कळत होतं. पुढे डॉक्टरांनी डोळा वाचवला, पण नजर पूर्वीसारखी आली नाही. घरातल्या कुणीही "थोडं थांबू" म्हटलं, तरी या तीन लक्षणांत थांबू नका.

याशिवाय डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, बाजूने पडदा सरकत यावा तशी सावली वाढत जाणं, आणि डोळ्याला जोराचा मार लागणं, यांसाठीही त्याच दिवशी जायचं.

रात्री त्रास सुरू झाला तर जायचं कुठे?

पहिला फोन ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना. डिस्चार्ज कार्डावर इमर्जन्सी नंबर असतो. तो आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा आणि सुनेच्या, मुलाच्या मोबाईलमध्येही असू द्या. फोन लागला नाही तर नेत्रविभाग असलेलं मोठं सरकारी किंवा पालिकेचं रुग्णालय गाठा. ठाणेकरांना कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ आहे. सेंट्रल लाइनवर पुढे सायन, परळचं केईएम आणि भायखळ्याचं जेजे आहे. नवी मुंबईकरांनी वाशीचं पालिका रुग्णालय किंवा ट्रान्स हार्बरने ठाण्याकडे येणं यातलं जे लवकर होईल ते करावं. गेल्या गेल्या कॅज्युअल्टीत "मोतीबिंदूचं ऑपरेशन अमुक तारखेला झालंय" हे पहिलं वाक्य बोला. नाहीतर डोळे आले आहेत समजून थेंब देऊन परत पाठवलं जाण्याची भीती असते.

पट्टी काढली त्या दिवशीच धूसर दिसतंय. बिघडलं का?

सहसा नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, थोडा सुजलेला असतो. बाहुली मोठी करणाऱ्या औषधाचा अंमल उतरायचा असतो. मोतीबिंदू फार पिकलेला असेल तर सूज जास्त दिवस राहते. सगळं निळसर किंवा फार पांढरंशुभ्र वाटणंही स्वाभाविक आहे, कारण पिवळट झालेलं जुनं भिंग निघून गेलेलं असतं.

एक अपवाद. पहिल्या 12 ते 48 तासांत कॉर्निया काठापासून काठापर्यंत धुरकट होऊन नजर एकदम खाली गेली, तर ती जंतूंशिवाय आलेली तीव्र सूज असू शकते. तिला टॉक्सिक रिअॅक्शन म्हणतात. ती आणि जंतुसंसर्ग यांतला फरक डॉक्टरांनीच करायचा असतो. दुसऱ्या दिवशीची तपासणी म्हणूनच चुकवू नका.

दोन वर्षं छान दिसत होतं. आता पुन्हा मोतीबिंदू आलाय का?

हा माझ्याकडे सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. मोतीबिंदू पुन्हा येत नाही, कारण तो ज्या भिंगाला होतो ते भिंगच आता डोळ्यात नाही.

आपलं मूळचं भिंग एका पातळ, पारदर्शक पिशवीत असतं. सर्जन पिशवीचं तोंड उघडतात, आतला गढूळ भाग काढतात, आणि पिशवी तशीच ठेवून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. पिशवीच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या काही पेशी कितीही साफ केलं तरी उरतात. महिन्यांनी, वर्षांनी त्या वाढत भिंगाच्या मागे सरकतात आणि पिशवीची मागची भिंत गढूळ करतात. स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकातून, बघितलं की कधीकधी भिजवलेल्या साबुदाण्यासारखे टपोरे दाणे एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. बाहुली त्यांनी भरलेली असली की पेशंटला बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरतो, आणि चष्म्याचा नंबर कितीही बदलला तरी फरक पडत नाही. लहान मुलांत आणि तरुण वयात ऑपरेशन झालेल्यांत हे लवकर होतं. धारदार कडेची नवी भिंगं ही वाढ काही प्रमाणात अडवतात, पण पूर्ण थांबवत नाहीत.

यावर यॅग लेझर हा उपाय. थेंब घालून बाहुली मोठी करतात. मग नेहमीच्या तपासणीसारखंच हनुवटी टेकवून बसायचं. पिशवीच्या मागच्या भिंतीला लेझरने मधोमध खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम आहे. चिरा नाही, टाका नाही, पट्टी नाही. त्याच दिवशी रिक्षाने घरी जाता येतं, फक्त बाहुली मोठी असल्याने उन्हात गॉगल लागतो आणि स्वतः गाडी चालवायची नाही. डोळ्यासमोर काही दिवस बारीक ठिपके, धागे तरंगतात, मग बसतात. हे लेझर सहसा एकदाच करावं लागतं.

घाई किती? रोजच्या कामाला अडथळा येत नसेल तर अजिबात नाही. लेझरनंतर प्रेशर तात्पुरतं वाढू शकतं, म्हणून ते मोजून घेतात. क्वचित दृष्टिपटलाला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याला (रेटिनाला), सूज येते किंवा दृष्टिपटल सुटतं. ज्यांना ऑपरेशनआधी मायनस नंबर खूप होता, त्यांनी याबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं.

लेझरला हो म्हणण्याआधी काय विचारावं?

एकच प्रश्न पुरे : "धूसरपणा पिशवीत आहे की भिंगात?"

कारण क्वचित भिंग स्वतःच गढूळ होतं. पाणी धरून ठेवणाऱ्या हायड्रोफिलिक अॅक्रिलिक भिंगांत कधीकधी कॅल्शियमचे बारीक कण साचतात. पाणी न धरणाऱ्या हायड्रोफोबिक भिंगांत चमकणारे सूक्ष्म थेंब दिसतात, पण त्यांनी नजरेला फारसं काही होत नाही. कॅल्शियम साचलेल्या भिंगाला लेझरचा काही उपयोग नसतो, ते भिंग बदलावं लागतं. आणि पिशवीला आधीच खिडकी पाडलेली असेल तर भिंग बदलण्याचं काम अवघड आणि जोखमीचं होतं. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग पसंत पडलं नाही, बदलण्याचा विचार आहे, अशांनाही हाच नियम : बदलायचं की नाही ते नक्की होईपर्यंत लेझर नको. मला हा मुद्दा या पानावरच्या इतर अनेक गोष्टींपेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारायला पेशंटला एक मिनिट लागतं आणि एकदा पाडलेली खिडकी पुन्हा बुजवता येत नाही.

शरीर भिंग नाकारतं का? त्याची मुदत संपते का?

किडनीसारखं रिजेक्शन भिंगाचं होत नाही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटचे तुकडे काही वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते आत राहूनही डोळ्याने फारशी कुरकुर केली नाही, हे लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांच्या लक्षात आलं. तसल्याच अॅक्रिलिक प्लॅस्टिकचं भिंग त्यांनी 1949 साली सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यात बसवलं. आजची घडी होणारी भिंगं त्याच घराण्यातली आहेत. ती आयुष्यभरासाठी असतात; दहा-पंधरा वर्षांनी बदलून घ्या असं काही नसतं.

वाकलं, शिंकलं, ओझं उचललं की भिंग सरकतं का?

आजोबा लोक या भीतीने महिनोन्महिने देवाला खाली वाकून नमस्कार करत नाहीत. भिंगाला दोन बारीक बाहू असतात, ते पिशवीत अडकतात आणि काही आठवड्यांत पिशवी आवळून त्याला पक्कं धरते. पहिले काही आठवडे जपायला सांगतात ते मुख्यतः जखमेसाठी. तेवढा काळ झाला की पाण्याची बादली उचला, स्टेशनचा जिना चढा, काही होत नाही.

भिंग खरोखर सरकतं ते वेगळ्या कारणांनी. पिशवीला टांगून धरणारे बारीक तंतू कमकुवत असतील तर : स्यूडोएक्सफोलिएशन नावाचा वयाबरोबर येणारा विकार, खूप जास्त मायनस नंबर, जुना मार, वर्षानुवर्षं डोळे जोरात चोळायची सवय. ऑपरेशनच्या वेळी पिशवी फाटली असेल तर तेही एक कारण. काही वेळा सगळी पिशवीच भिंगासकट ऑपरेशननंतर कितीतरी वर्षांनी खाली घसरते.

ओळखायचं असं : दुसरा डोळा हाताने झाका. एकाच डोळ्याने दोन-दोन प्रतिमा दिसल्या, भिंगाची कड दिसतेय असं वाटलं, किंवा नजर मान हलवल्यावर बदलली, तर त्याच आठवड्यात दाखवा. एकदम दिसेनासं झालं तर त्याच दिवशी. भिंग पुन्हा जागेवर बसवता येतं, डोळ्याच्या पांढऱ्या भागाला आतून बांधता येतं, किंवा बुबुळाला चिमटा घेणारं दुसरं भिंग बसवता येतं. हे काम बहुतेकदा रेटिनाचे डॉक्टर करतात.

डोळा मधूनच लाल होतो, एक-दोन दिवस धुरकट दिसतं, मग आपोआप स्वच्छ. हे काय?

हे येतं आणि जातं म्हणून लोक दुर्लक्ष करतात, आणि तपासणीच्या दिवशी नेमकं सगळं ठीक असतं. भिंगाची कड किंवा बाहू बुबुळाच्या मागच्या बाजूला घासत असेल तर असं होतं. पिशवीसाठी बनवलेलं भिंग पिशवीच्या बाहेर, बुबुळाच्या मागे बसवावं लागलं असेल तेव्हा ही शक्यता जास्त. घासण्याने सूज येते, आत थोडं रक्त उतरतं, प्रेशर वाढतं. धुरकट दिसेल त्याच वेळी जाऊन दाखवा. मोबाईलवर तारखा टिपून ठेवल्यात तर डॉक्टरांना फार मदत होते. त्रास वारंवार झाला तर भिंग बदलणं किंवा नीट बसवणं हाच इलाज.

काही महिन्यांनी सुरू होऊन स्टेरॉइडच्या थेंबांनी दबणारी आणि थेंब थांबवले की परत येणारी सूजही असते. ती पिशवीत लपलेल्या मंद जंतूंमुळे असू शकते. दर वेळी तेच थेंब दुकानातून आणून घालत बसू नका.

शुगर आहे. महिन्याभराने मधलं अक्षर पुसल्यासारखं, ओळी वाकड्या दिसतात.

दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूला, म्हणजे मॅक्युलाला पाणी धरलं असेल. ऑपरेशननंतर साधारण चार ते बारा आठवड्यांत हे दिसतं. मधुमेह असलेल्यांत आणि डोळ्याला पूर्वी सूज येऊन गेलेल्यांत जास्त. ओसीटी नावाची स्कॅन काढली की कळतं. ती दुखत नाही. सूज उतरवणारे थेंब काही आठवडे घातले की बहुतेकांचं उतरतं, थोड्यांना इंजेक्शन लागतं. या आठवड्यात दाखवा, आणि शुगरचा ताजा रिपोर्ट घेऊन जा.

कानाच्या बाजूला काळी चंद्रकोर दिसते. पडदा तर सरकला नाही ना?

दोन गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत करू नये.

पहिली निरुपद्रवी. पहिल्या दिवसापासून कानाच्या बाजूला गडद कड दिसते, तिथेच राहते, वाढत नाही. भिंगाची कड आणि आत येणारा प्रकाश यांच्या खेळातून ती तयार होते. बहुतेकांची काही आठवड्यांत, महिन्यांत विरते. जाड दांडीच्या चष्म्याने बरं वाटतं. डोळा तपासून "सगळं ठीक आहे" म्हटलं तरी पेशंटला ती खरोखर दिसत असते. घरच्यांनी "मनाचे खेळ आहेत" म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती.

दुसरी धोक्याची. सावली नंतर कधीतरी सुरू होते, तासा-दिवसांत मोठी होत जाते, आधी चमका किंवा ठिपक्यांचा पाऊस येऊन गेलेला असतो. हे दृष्टिपटल सुटणं. मायनस नंबर जास्त असलेले, त्यातही तुलनेने कमी वयात ऑपरेशन झालेले पुरुष, आणि पिशवी फाटलेले पेशंट यांना धोका अधिक. मध्यबिंदू सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर चांगली परत येते. म्हणून त्याच दिवशी. कुठली सावली ते कळत नसेल तर दुसरीच समजून चाला.

मल्टिफोकल घेतलं. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात.

घोडबंदर रोडवर समोरून डंपर आला की काही दिसत नाही, पाम बीच रोडवर दिव्यांची माळ पसरते, हे मला नेहमी सांगितलं जातं. एकाच भिंगात दूर-जवळ दोन्ही बसवण्यासाठी प्रकाश विभागलेला असतो, त्याची ही किंमत आहे. मेंदूला सरावायला तीन ते सहा महिने लागतात. तोवर कोरडेपणा आणि उरलेला बारीक नंबर आहे का ते तपासून घ्या. एवढं दुरुस्त केलं तरी पुष्कळांचं निभतं. ज्यांचं कामच रात्री गाडी चालवण्याचं आहे त्यांनी ऑपरेशनआधी हे स्पष्ट सांगावं. त्यांच्यासाठी मी स्वतः साधं, एकाच अंतरासाठीचं मोनोफोकलच सुचवते.

चष्मा जाईल म्हणाले होते, नंबर राहिलाच.

साध्या भिंगानंतर वाचायला चष्मा लागणं हा बिघाड नाही. दूरचा नंबर अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर मात्र विचारायला हवं. डोळ्याची लांबी मोजताना 1 मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्यात साधारण अडीच नंबरचा फरक पडतो, इतकं हे माप नाजूक आहे. लॅसिक, म्हणजे चष्मा घालवायचं कॉर्नियाचं लेझर, झालेल्यांत हिशेब अधिक चुकतो. चार ते सहा आठवडे थांबून पक्का नंबर काढा. फरक मोठा असेल तर चष्मा, लेझरने कॉर्नियाची दुरुस्ती, किंवा भिंग बदलणं हे मार्ग आहेत. बदलायचं तर लवकर बदललेलं सोपं.

सिलिंडर नंबरसाठी टॉरिक भिंग घेतलं असेल आणि ते फिरलं, तर दर एका अंशाला सुमारे 3.3 टक्के परिणाम कमी होतो. 30 अंश फिरलं की उपयोग शून्य. ते पुन्हा फिरवून बसवता येतं.

सकाळी धूसर, दुपारपर्यंत स्वच्छ, असं रोज होतं.

कॉर्नियाची सूज. रात्रभर डोळा मिटलेला असल्याने पाणी साचतं, उघडा राहिला की उडून जातं. कॉर्नियाच्या आतल्या पेशी आधीच कमी असतील तर ऑपरेशननंतर हे उघड होतं. थेंबांनी भागलं नाही तर कॉर्नियाचा फक्त आतला थर बदलता येतो. महिन्याच्या आत दाखवा.

थेंब संपले. दुकानातून तेच परत आणू का?

नका आणू. त्यांत बहुधा स्टेरॉइड असतं. काहींचं प्रेशर त्याने चढतं आणि काही दुखत नाही, काही कळत नाही, पुढे काचबिंदू होतो. उघडलेली बाटली महिन्याने फेकून द्या. गुलाबपाणी, मध, तुळशीचा रस, काजळ यांतलं काहीही ऑपरेशन झालेल्या डोळ्यात घालू नका, कितीही प्रेमाने कुणी दिलं तरी.

एमआरआय चालतो का?

चालतो. आजच्या भिंगात धातू नसतो.

भिंगाचं कार्ड हरवलं. त्याचं एवढं काय?

ऑपरेशनच्या वेळी भिंगाच्या डब्यातला स्टिकर कार्डावर चिकटवतात. त्यावर कंपनी, मॉडेल, पॉवर आणि सिरियल नंबर असतो. उद्या भिंग बदलायची वेळ आली किंवा एखाद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर तोच पुरावा. हरवलं असेल तर दवाखान्यातून नोंदीची प्रत मागा. मिळालं की फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. भिंगातच दोष असल्याचं डॉक्टरांचं मत पडलं, तर त्याची नोंद मटेरिओव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाकडे करायला सांगा. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठी हा सरकारी कार्यक्रम 2015 साली सुरू झाला.

आता दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना काय सांगू?

पहिल्या डोळ्याचं कार्ड दाखवा आणि त्या वेळी जे जे झालं ते सगळं सांगा : प्रेशर वाढलं होतं, मॅक्युलाला पाणी धरलं होतं, नंबर चुकला होता, पिशवी फाटली होती. पहिल्या डोळ्याचा नंबर किती चुकला ते कळलं की दुसऱ्याचा हिशेब सुधारता येतो. लॅसिक झालं असेल तर सांगा, जुने कागद असतील तर आणा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर मापं घेण्याआधी किती दिवस बंद ठेवायची ते विचारा. आणि पुरुषांनी लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनसारखी गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल तर ती नक्की सांगावी. तिच्यामुळे ऑपरेशनमध्ये बुबुळ सैल पडतं आणि बाहुली आक्रसते. सर्जनला आधी माहीत असेल तर ते तयारीने उतरतात. रक्त पातळ करणारी किंवा प्रोस्टेटची, कुठलीच गोळी मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत घेऊन या.